आधी आट्यांची पकड, मग हाडाची

गेल्या अंकात पडलेल्या दाढेच्या जागी काय काय बसवता येतं यावर लिहिलं आणि शेवटी ‘इम्प्लांटविषयी पुन्हा कधीतरी’ असं म्हणून मी सुटले होते. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा, आटे असलेला टायटॅनियमचा स्क्रू; त्यावर पुढे कॅप, म्हणजे कृत्रिम दात, बसते. वाचकांनी सोडलं नाही. टिळक रोडवरच्या माझ्या दवाखान्यात पत्रं आली, मेल आले, आणि एका गृहस्थांनी तर समोरच्या दुकानात चहा घेता घेता पावतीच्या मागे प्रश्न लिहून आत पाठवला. ‘साधारण खर्च किती?’ एवढंच विचारणाऱ्यांना इथे उत्तर मिळणार नाही. कापड न बघता शिलाई सांगणाऱ्या शिंप्यावर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?

उत्तरं वाचण्याआधी माझ्याविषयी एक सांगते, म्हणजे पुढची भाषा खटकणार नाही. माझे वडील सुतार होते. भवानी पेठेत टिंबर मार्केटला लाकूड निवडायला जाताना ते मला बरोबर न्यायचे. फळीवर नख दाबून, बोटाच्या सांध्याने टकटक करून ते सांगायचे, ‘ह्याच्यात स्क्रू धरेल, ह्याच्यात नाही.’ दंतवैद्यकाच्या कॉलेजात जबड्याच्या हाडाचे प्रकार शिकले तेव्हा मला ते नवीन वाटलेच नाहीत.

प्र. मी भोसरीच्या कारखान्यात ३४ वर्षं लेथवर काम केलं. खालची दाढ गेली म्हणून डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवला आणि नमुना हातात दिला. आटे बघितल्यावर मला राहवलं नाही. वर मानेपाशी बारीक, खाली खोल आणि लांब-लांब. बॉडी निमुळती. टोकाला टॅपला असते तशी खाच. हे आटे असे का? आणि नट-बोल्टात दोन्हीकडे आटे असतात, इथे हाडाला आटे कुठे आहेत? मग ते सैल कसं होत नाही? — निवृत्त टर्नर, भोसरी

उ. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. २७ वर्षांत असा प्रश्न मला एकाही पेशंटने विचारलेला नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच विद्यार्थ्यांनीही नाही.

टोकाच्या खाचेपासून सुरू करते. तुम्ही ओळखलंत तेच आहे: तो टॅपच आहे, आटे पाडायचं हत्यार. आधी जबड्यात क्रमाक्रमाने मोठी होत जाणारी ड्रिल वापरून भोक पाडतात, पण इम्प्लांटच्या मापापेक्षा मुद्दाम लहान. ४ मिलिमीटरच्या इम्प्लांटला साडेतीनच्या आसपास, आणि हाड मऊ असेल तर त्याहूनही कमी. मग इम्प्लांट स्वतःच आत जाताना हाडात आटे पाडत जातो आणि निघालेला भुसा त्या खाचेत साठतो. कारखान्यात तुम्ही कूलंट सोडायचात, आम्ही सलाइन सोडतो. तुमच्याकडे कूलंट नसेल तर टूल जळतं, आमच्याकडे हाड जळतं. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी तिथल्या पेशी मरायला लागतात. ४७ अंश म्हणजे आंघोळीला जरा कडक वाटेल एवढं पाणी. म्हणून धार गेलेलं ड्रिल वापरणं हा आमच्याकडे आळस नाही, गुन्हा आहे.

आता आट्यांचा आकार. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी पहिले यशस्वी टायटॅनियम इम्प्लांट बसवले, त्यांचे आटे तुमच्या ओळखीचेच होते: व्ही आकाराचे, ०.६ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), सरळ दंडगोल बॉडीवर. चालले, छान चालले. पण खालच्या जबड्यात पुढे जिथे हाड सागवानासारखं घट्ट असतं तिथे जास्त चांगले चालले, आणि वरच्या जबड्यात मागे जिथे ते थर्माकोलच्या जवळ जातं तिथे त्रास व्हायचा. पुढची सगळी डिझाइन्स या दुसऱ्या जागेसाठी आली असं म्हटलं तरी चालेल.

हाडाचा स्वभाव असा आहे की दाबलं तर ते खूप सोसतं, ताणलं तर कमी आणि घसटलं तर सगळ्यात कमी. तिरक्या उताराच्या आट्यावर चावण्याचा भार वरून आला की त्यातला काही भाग बाजूला घसरतो आणि हाड घसटलं जातं. आट्याची भार घेणारी बाजू आडवी, सपाट केली तर तोच भार हाडाला नुसता दाबतो. मोठ्या प्रेसच्या स्क्रूला चौकोनी आटे का असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. इम्प्लांटलाही चौकोनी आटे आले, करवतीच्या दातासारखे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरते आटेही आले. खोली वाढवली की मऊ हाडात जास्त माल पकडीत येतो. पण तेच खोल आटे घट्ट हाडात घातले तर आत जाता जाता अडतात, गरम होतात, आणि तुम्ही रेंचवर जोर लावत बसता. पिच कमी केली की तेवढ्याच लांबीत आटे जास्त, पृष्ठभाग जास्त, पण आत जायला फेरे जास्त. म्हणून काही कंपन्या दोन किंवा तीन सुरुवातींचे आटे पाडतात, एका फेऱ्यात दुप्पट-तिप्पट आत जातो. मानेपाशी बारीक आटे असतात कारण वरचा हाडाचा थर घट्ट पण पातळ असतो, तिथे खोल आट्यांनी तो चिरायला नको. आणि निमुळती बॉडी? लाकडात पाचर ठोकल्यासारखी ती जसजशी आत जाते तसतसं आजूबाजूचं मऊ हाड दाबून घट्ट करत जाते. ताज्या उपटलेल्या दाताच्या खड्ड्यात हाच आकार उपयोगी पडतो, कारण तो खड्डाही निमुळताच असतो.

एवढं झाल्यावर पीळ मोजणाऱ्या रेंचवर आम्ही बघतो तो आकडा साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर. तुमच्या हिशोबात ०.३५ न्यूटन-मीटर. एक सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला साडेतीन किलोची पिशवी टांगली तर जेवढा पीळ बसेल तेवढा. तुम्हाला हसू येईल, पण जास्त म्हणजे चांगलं असं इथे नसतं. २००३ साली मी हे एका पेशंटच्या जिवावर शिकले. पुढचा खालचा जबडा, हाड दगडासारखं, आणि मी नवी नवी उत्साही. रेंचचा आकडा चढत गेला तसं मला आणखी बरं वाटत गेलं. दुखणं नाही, सूज नाही, पेशंट खूश. सहा आठवड्यांनी वरची टोपी काढायला गेले तर अख्खा इम्प्लांट स्क्रू ड्रायव्हरबरोबर गोल फिरला. इतकं दाबलेलं हाड रक्ताविना मेलं होतं. अशा घट्ट हाडात रक्तपुरवठा मुळातच कमी असतो. भोक थोडं मोठं पाडायला हवं होतं, किंवा टॅप आधी फिरवायला हवा होता. चूक माझी होती, इम्प्लांटची नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘शिसवात भोक न पाडता स्क्रू पिळलास, फळी तडकणारच.’

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खाली आहे, कारण तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने कोथरूडहून आला आहे.

प्र. माझ्या डॉक्टरांनी मागच्या एका दाढेच्या जागी इम्प्लांट बसवला आणि आता कॅपसाठी तीन महिने थांबायला सांगितलं. आमच्या सोसायटीत वाटलेल्या पत्रकात ‘तीन दिवसांत पक्के दात’ असं छापलंय. माझे डॉक्टर जुन्या पद्धतीचे आहेत का? मुलीचं लग्न आहे हो डिसेंबरात. — एक वाचक, कोथरूड

उ. लग्नाबद्दल अभिनंदन. आता टर्नरकाकांचा प्रश्न घ्या: हाडाला आटे नाहीत, मग सैल का होत नाही? खरं तर होतो. थोडा सैल होतो, आणि तुम्ही थांबताय ते त्यासाठीच.

बसवल्या दिवशी इम्प्लांट जो घट्ट वाटतो ती आट्यांची पकड, निव्वळ यांत्रिक. पण आट्यांनी दाबलेलं, ड्रिलने दुखावलेलं हाड तसंच राहत नाही. हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि ते साफ करायला लागतात. मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येतात, आधी घाईघाईने विस्कळीत हाड घालतात, नंतर महिनोन्‌महिने ते थरांमध्ये नीट रचतात. जुनी पकड उतरत असते आणि नवी चढत असते. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याचा. तेव्हा इम्प्लांट बसवल्या दिवसापेक्षा कमी पक्का असतो. तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला असेल किंवा व्हायचा असेल तर समजायला अवघड नाही: जुनी इमारत पाडलेली, नवीचं प्लिंथ झालेलं, आणि बिल्डर म्हणतोय सामान आणा राहायला.

या काळात तोंडातला प्रत्येक घास इम्प्लांटला हलवायला बघतो. किती हललेलं चालतं? ५० ते १५० मायक्रॉनच्या आत. १५० मायक्रॉन म्हणजे दोन केसांची जाडी. त्यापलीकडे रोज हलत राहिला की भोवती हाड जमायच्या ऐवजी तंतूंचं मऊ आवरण जमतं, आणि एकदा ते जमलं की इम्प्लांट काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

तर मग तीन दिवसांचं पत्रक खोटं का? सरसकट नाही, आणि इथे मला माझ्याच व्यवसायबंधूंशी नीट वागायला हवं. सगळे दात गेलेल्या जबड्यात चार-सहा इम्प्लांट घालून ते एका कडक पट्टीने आपसांत बांधले, तर एकट्याला हलायला वावच राहत नाही. पालखीला सगळे भोई एका दांड्याला असतात तसं. तिथे लगेच दात देणं रास्त आहे आणि जगभर दिले जातात. पुढचा एकच दात असेल, पकड चांगली मिळाली असेल, तर दिसण्यापुरती तात्पुरती कॅप त्याच दिवशी देता येते, ती चावताना समोरच्या दाताला लागणार नाही अशी घासून. काही इम्प्लांट मुद्दाम लांब, गुळगुळीत आणि एकसंध बनवलेले असतात, ते मऊ हाड ओलांडून पलीकडच्या घट्ट थरात रोवले जातात; तीन दिवसांच्या जाहिराती बहुधा त्यांच्या असतात. त्यांचं स्वतंत्र शास्त्र आहे, त्यांचे स्वतंत्र धोके आहेत. पण तुमची मागची एकटी दाढ, शेजारी आधाराला कोणी नाही, आणि चावण्याचा सगळ्यात जास्त भार तिथेच. तुमचे डॉक्टर जुन्या पद्धतीचे नाहीत. जुनी पद्धत तर याहून कडक होती: खालच्या जबड्यात तीन ते चार महिने, वरच्या जबड्यात सहा.

तीन महिन्यांतही कमी-जास्त करता येतं. एक छोटं यंत्र असतं, इम्प्लांटवर बोटाच्या पेराएवढी खुंटी लावून तिला चुंबकाने कंप देतं आणि १ ते १०० मध्ये आकडा दाखवतं. त्याला आयएसक्यू म्हणतात. ७०च्या वर असेल तर मी निवांत असते, ६०च्या खाली असेल तर पेशंट कितीही रागावला तरी थांबते. एकदाच मोजून फारसं कळत नाही; बसवल्या दिवशी आणि नंतर सहा-आठ आठवड्यांनी, असे दोन आकडे लागतात. तुमच्या डॉक्टरांकडे हे यंत्र आहे का ते विचारा. डिसेंबरपर्यंत आकडा चढला असेल तर लग्नाच्या जेवणाला दाढ मिळेल. नसेल तर श्रीखंड-पुरी दुसऱ्या बाजूने खा, फोटोत मागची दाढ येत नाही.

प्र. दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने दीडपट किंमत सांगितली आणि म्हणाले, ‘आमच्या इम्प्लांटचा सरफेस चांगला आहे.’ बघायला दोन्ही खडबडीत राखाडी. गुळगुळीत, चकचकीत धातू जास्त स्वच्छ राहणार नाही का? यात खरंच फरक असतो की मार्केटिंग? — बँकेतून निवृत्त, सहकारनगर

उ. दोन्ही असतं.

आधी गुळगुळीतपणाचं. ब्रोनेमार्क दातांचे डॉक्टर नव्हतेच. १९५२च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंडमध्ये ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून आतलं रक्त कसं वाहतं ते बघत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी परत वापरायला काढू गेले तर निघेना, हाडाने ती धरून ठेवली होती. टायटॅनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर येतो, शरीराला तो परका वाटत नाही, आणि हाड थेट त्याला भिडतं. ते पहिले इम्प्लांट लेथवरून उतरलेले होते, तसेच, जवळजवळ गुळगुळीत. हाड त्यांना भिडायचं, पण सावकाश.

खडबडीत केल्याने काय बदलतं ते असं. इम्प्लांट आत गेला की पहिल्यांदा त्याच्याभोवती रक्ताची गुठळी बसते. गुठळीच्या जाळ्याला खरखरीत पृष्ठभाग घट्ट पकडता येतो, त्या जाळ्यावरून पेशी चालत येतात आणि इम्प्लांटच्या अंगावरच हाड घालायला सुरुवात करतात. गुळगुळीत पृष्ठभागावर जाळं सुटतं, आणि मग हाड भोकाच्या कडेकडून हळूहळू आत सरकत यावं लागतं. भिंतीला गिलावा करण्याआधी गवंडी टाकी का मारतो, तेच. हल्ली बहुतेक ठिकाणी आधी वाळूसारख्या कणांचा मारा करतात, मग अॅसिडमध्ये बुडवून त्यावर आणखी बारीक खळगे पाडतात. उंचसखलपणा एक ते दोन मायक्रॉन. नुसत्या डोळ्यांना तुम्हाला फक्त राखाडी दिसणार, त्यात तुमची चूक नाही.

आणि याहून जास्त खडबडीत? करून झालं आहे. टायटॅनियमची पूड वितळवून फवारलेले इम्प्लांट एकेकाळी फार चालायचे. हाडाची पकड उत्तम. पण काही वर्षांनी हिरडी खाली सरकली, ती खरखरीत मान तोंडात उघडी पडली की तिथे जंतूंचा थर असा काही बसायचा की तो निघायचा नाही. तुमची स्वच्छतेची शंका इथे शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून हाडात खरखरीत, हिरडीत गुळगुळीत अशी वाटणी बऱ्याच डिझाइनमध्ये दिसते.

किमतीबद्दल माझं मत, आवडो न आवडो. मध्यम खडबडीत पृष्ठभाग आता नावाजलेल्या बहुतेक कंपन्यांचे चांगले आहेत, आपल्या देशात बनणारेही. त्यावरून दीडपट पैसे द्यायला मी स्वतः तयार होणार नाही. पैसे द्यायचे तर वेगळ्या गोष्टीला द्या: पंधरा वर्षांनी त्या इम्प्लांटचा छोटा स्क्रू मिळेल का? माझ्या खणात तेवीस प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर आहेत. मध्यंतरी एक बाई आल्या, दुसऱ्या गावी बसवलेला इम्प्लांट, कॅप डुगडुगतेय, कागद एकही नाही. एक्स-रे बघून मी तीन कंपन्यांवर आले, तेवीसपैकी एकही ड्रायव्हर बसेना. इम्प्लांट हाडात ठणठणीत होता, डिझाइनही चांगलं होतं. फक्त ते कोणाचं हे कोणालाच माहीत नव्हतं. दोन आठवडे फोन करून शेवटी ड्रायव्हर सोलापूरहून एसटीच्या पार्सलने आला. खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेला स्टिकर असतो. तो मागून घ्या आणि पासबुकात चिकटवा. बँकेत होतात, कागद जपायची सवय असेलच.

प्र. माझ्या इम्प्लांटचा एक्स-रे मोबाइलवर मोठा करून बघितला. इम्प्लांट रुंद आहे आणि त्यावर बसवलेला कॅपचा खालचा तुकडा बारीक. दोन्हींच्या मध्ये पायरी दिसते. चुकीच्या मापाचा पार्ट बसवला आहे का? भांडायला जाऊ का? — नारायण पेठ

उ. थांबा, जाऊ नका. ती पायरी मुद्दाम ठेवलेली आहे.

मात्र ती सुचली चुकूनच. १९९०च्या दशकात एका अमेरिकन कंपनीने रुंद इम्प्लांट बाजारात आणले, पण त्या मापाचे वरचे तुकडे तयार नव्हते. डॉक्टरांनी आधीचे बारीक तुकडेच लावून काम भागवलं. पुढे काही वर्षांनी एक्स-रे बघताना लक्षात आलं की या पेशंटांच्या इम्प्लांटच्या मानेभोवतीचं हाड इतरांपेक्षा कमी झिजलंय. इम्प्लांट आणि वरचा तुकडा यांच्या सांध्यात जंतू जातातच, आणि तिथून हाड जरासं मागे सरकतं. पहिल्या वर्षात एक-दीड मिलिमीटर आणि पुढे दरवर्षी ०.२ मिलिमीटरहून कमी, हे पूर्वी ‘चालतं’ असं धरलं जायचं. वरचा तुकडा बारीक ठेवला की सांधा काठावरून आत जातो, हाडापासून लांब. जिना चढताना चप्पल पायरीच्या काठावर न काढता आत सरकवून काढतो तसं. आता सांधाही शंकूच्या आकाराचा घट्ट बसणारा करतात, त्यामुळे हालचालही कमी.

पायरी दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, आणि मध्ये काळी फट नाही ना, एवढं बघा. फट असेल तर जा. भांडायला नाही, दाखवायला.

प्र. आई ७४ वर्षांची आहे. वरच्या मागच्या दोन दाढा नाहीत. मधुमेह आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.२. हाडं ठिसूळ झाल्याने वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात. डॉक्टर म्हणाले, हाड मऊ आहे पण ‘आजकाल त्यासाठी वेगळं डिझाइन मिळतं’. करावं का? — हडपसर

उ. मऊ हाडासाठी वेगळं डिझाइन मिळतं हे खरं आहे: निमुळती बॉडी, खोल आटे, खरखरीत पृष्ठभाग, आणि भोक नेहमीपेक्षा लहान. वर नाकाशेजारची पोकळी जवळ असते, तिथे लांबी पुरली नाही तर आखूड इम्प्लांट किंवा पोकळीचा तळ उचलून हाड भरणं, असे दोन रस्ते आहेत. तसं हाड असताना मी दोन दाढांना दोन इम्प्लांट घालून कॅप जोडून देते आणि सहा महिने वाट बघते. ७.२ साखरेला मी नाही म्हणणार नाही. ती तिथेच ठेवा, वर जाऊ देऊ नका.

पण त्या वार्षिक इंजेक्शनचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलं आहे का? पत्रात तुम्ही ते सगळ्यात शेवटी लिहिलंत, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. त्या गटातली औषधं हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतात. ठिसूळपणाला ते हवंच असतं. पण वर लिहिलेली साफसफाई आणि नवबांधणी आठवा: जुनं उतरलं नाही तर नवं चढत नाही. क्वचित काहींच्या जबड्यातली जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. धोका कर्करोगासाठी देतात त्या मोठ्या डोसांपेक्षा इथे बराच कमी आहे, तरी आहे, आणि औषध किती वर्षं चाललंय त्यावर वाढतो. ते औषध तुम्ही होऊन बंद करू नका. कंबर मोडली तर दाढेचं कोणी विचारणार नाही. हाडांचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांचं एकमेकांशी फोनवर बोलणं करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे. ते दोघं थांबा म्हणाले तर थांबा. चांगली बसणारी काढता-घालता येणारी कवळी हा काही कमीपणा नाही, आणि कुठलाही आटा त्या इंजेक्शनवर मात करत नाही.

प्र. इम्प्लांटच्या दाढेने चकली फोडली तर कळतच नाही किती जोर लागला. नस मेली का? — बिबवेवाडी

उ. तिथे नस नाहीच. खऱ्या दाताभोवती तंतूंची गादी असते, दात तिच्यावर किंचित झुलतो आणि तीच मेंदूला जोर कळवते. इम्प्लांट हाडाला थेट भिडलेला, त्यामुळे गादी नाही आणि बातमी नाही. झोपेत दात खात असाल तर रात्रीचा गार्ड करून घ्या, कारण तुम्हाला कळणार नाही आणि आतला छोटा स्क्रू मात्र सैल होईल.

प्र. माझं वय ८१. खाली दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी अडकवायची असं ठरलं आहे. दोन प्रश्न. या वयात पैसे वसूल होतील का? आणि पुढे वैकुंठ स्मशानभूमीत त्या धातूचं काय होतं? मुलगा म्हणतो असं काही विचारू नका. — सदाशिव पेठ

उ. आजोबा, मुलाचं ऐकू नका, विचारत जा.

पहिल्या प्रश्नाला वयाची अडचण नाही. हाड ८१व्या वर्षीही इम्प्लांट धरतं, फक्त सावकाश. तुमची जागा उत्तम आहे: खालच्या जबड्याचा पुढचा भाग, हाड बहुतेकांचं तिथे घट्ट असतं, साधे आटे पुरतात. खालची कवळी जिभेने उचलली जाते म्हणून लोक वर्षानुवर्षं पेजेवर राहतात. दोन इम्प्लांटना ती खटकन अडकली की दुसऱ्या आठवड्यात भाकरी सुरू होते. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली योस्ता लार्सन नावाच्या माणसाला इम्प्लांट बसवले होते. ते गृहस्थ २००६ मध्ये वारले तेव्हाही इम्प्लांट जागेवर होते. तेव्हा वसूल तुमच्याकडूनच व्हायचं आहे, इम्प्लांटकडून नाही.

दुसऱ्याचं उत्तर: टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात. तिथे तेवढे होत नाहीत. दोन्ही जसेच्या तसे राखेत सापडतील, रंग जरा बदललेला, आटे शाबूत. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करणाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो खिळे समजून टाकून देईल.